मालिकेतल्या समुपदेशकाच्या खोलीला दारच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रात्रीच्या एका मराठी मालिकेतली सून समुपदेशनाला गेली. सासूबाईंबरोबर ती मालिका मीही बघते. पोरगी कशानं खचली आहे हे आधीच्या भागांतून माहीत होतं, त्यामुळं लेखकानं तिला एकदाची योग्य ठिकाणी पाठवली म्हणून बरं वाटलं. समुपदेशक बाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लग्नाआधीची एक गोष्ट तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. ती रिक्षात बसून गेली आणि इकडं बाईंनी फोन उचलून थेट तिच्या सासूला लावला, "तुमच्या सुनेबद्दल तुम्हाला काही माहीत असायला हवं." सासूचा चेहरा तीनदा दाखवला आणि जाहिराती लागल्या. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बघ. म्हणून म्हणतो, घरातलं घरातच बोलावं."

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. तिथं एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आहेत आणि समुपदेशन करणाऱ्या एक मॅडम आहेत. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, फायली काढून ठेवायच्या, फी घ्यायची आणि कुणी डोळे पुसत बाहेर आलं तर काही न विचारता पाणी पुढं करायचं, हे माझं काम. या पत्रात जी माणसं येतील त्यांची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही. गाव, वय, नातं बदललंय, आणि जिथं एकाच माणसाबद्दल लिहिलंय तिथं त्यांची परवानगी घेतली आहे. डॉक्टरांनी आणि मॅडमनी पत्र वाचलंय.

मालिकांमधला मानसोपचार चुकीचा असतो ही तक्रार नवी नाही. वेड्यांचं इस्पितळ, साखळदंड, विजेचे झटके यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते त्यावर मात्र फारसं कुणी बोलताना दिसत नाही. मालिकेतला समुपदेशक गुपित ठेवत नाही. कधी तो सासूला फोन करतो, कधी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून सगळं सांगतो. कधी फाईल टेबलावर उघडी पडलेली असते आणि जाऊबाई मोबाइलवर तिचे फोटो काढून घेते. कधी आतलं बोलणं रेकॉर्ड होतं आणि साखरपुड्यात सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकवलं जातं. समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट त्याच्यापाशीच राहिली, असं एकदा तरी बघितल्याचं मला आठवत नाही. सासूबाईंनाही आठवेना, आणि त्या माझ्यापेक्षा जास्त मालिका बघतात.

आता आमच्याकडं येणारे फोन ऐका. "ओ मॅडम, तिथं आलेलं घरात कळणार न्हाई न्हवं?" "नाव खोटं सांगितलं तर चालतंय काय?" "आमच्या पावण्यातलं कोण येतंय का तुमच्याकडं?" फी किती, हे त्यानंतर विचारतात. गुण येईल का, हे तर त्याच्याही नंतर. एक बाई मला फोनवर म्हणाल्या, "डॉक्टर काय, नवऱ्याचंच ऐकणार. पैसे तोच भरतोय न्हवं?" त्यांना मी काय सांगायचं? मी सांगते की नवऱ्यानं फी भरली तरी फाईल तुमची. त्या हं म्हणतात आणि फोन ठेवतात. कुणी परत करतं, कुणी करत नाही.

कोल्हापूर शहर आहे खरं, पण इथं गाडीच्या नंबरवरून माणूस ओळखतात. त्यामुळं आमच्याकडं येणारे पुष्कळजण गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात आणि चालत येतात. खाली दातांचा दवाखाना आहे, त्याचा मोठा आधार आहे. जिन्यात कुणी भेटलं तर दाढ दुखतेय म्हणता येतं. बायका येताना भाजीची पिशवी घेऊन येतात. "मी बाजारला चाललो म्हणून सांगून आलोय, सातच्या आत जायला पायजे," असं म्हणत खुर्चीच्या कडेवर बसतात. फोनवर दिलेलं नाव आल्यावर लक्षात राहत नाही अशी माणसं आहेत. त्या नावानं हाक मारली तर ती दुसऱ्याकडं बघत बसतात. म्हणून आम्ही नावानं हाक मारत नाही. "साडेपाचची वेळ कुणाची?" असं विचारतो.

ही माणसं जिन्याच्या पायऱ्या चढून येतात यालाच किती धीर लागतो, हे मी रोज बघते. म्हणून तो धीर सुटू नये यासाठी काय काय करावं लागतं ते थोडं सविस्तर सांगते. मालिकेच्या लेखकांनी हे वाचलं तर फार बरं होईल.

मॅडमच्या खोलीचं दार जाड आहे आणि त्याला आतून पडदाही आहे. तरी बाहेर शांत असलं की आतलं पुसट ऐकू येतं, विशेषतः कुणाचा आवाज चढला तर. म्हणून मी वेटिंग रूममध्ये आकाशवाणी लावून ठेवते. पेशंटना वाटतं करमणुकीसाठी आहे. फाईलच्या कव्हरवर नाव नसतं, नंबर असतो. नंबरांची वही कुलपात आणि किल्ली माझ्याकडं. दोन वेळांमध्ये मोकळी पंधरा मिनिटं ठेवतो ती मॅडमना टिपणं लिहायला लागतात म्हणून, आणि आतलं माणूस आणि पुढचं माणूस समोरासमोर येऊ नयेत म्हणूनही. कुणी वेळ चुकवली तर मी फोन करते तेव्हा क्लिनिकचं नाव घेत नाही. दुसऱ्या कुणी फोन उचलला तर "चुकून लागला" म्हणून ठेवते. महाद्वार रोडला खरेदीला गेले आणि समोरून ओळखीचं माणूस आलं तर मी आधी हसत नाही. त्यांनी ओळख दाखवली तरच दाखवते. हे मला मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं. बरोबरच्या माणसानं "ह्या कोण?" विचारलं तर त्यांनी काय सांगायचं, म्हणून.

आणि मॅडम काय करतात? पहिल्या भेटीतच गुप्ततेचं बोलणं करतात. तुम्ही इथं सांगाल ते माझ्याकडं राहील, अपवाद इतके आहेत, असं ते अपवादही सरळ सांगून टाकतात. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मला गप्प बसता येणार नाही. कोर्टाचा आदेश आला तर द्यावं लागेल. दुसऱ्या डॉक्टरांकडं उपचार चालू असतील तर त्यापुरतं त्यांच्याशी बोलावं लागेल. पेशंट अठराच्या आतला असला तर आईवडिलांना काय सांगायचं आणि काय नाही, हे त्या मुलाला समोर बसवून ठरवतात. हा काही मॅडमचा एकटीचा चांगुलपणा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २३व्या कलमानं आपल्या आजाराची, उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क पेशंटला दिलाय आणि ती कुठल्या परिस्थितीत देता येते तेही लिहून ठेवलंय. मालिकेतल्या त्या बाईंनी सासूला केलेला फोन कायद्याच्या विरुद्ध आहे. पण मालिकेत त्यांना कुणी जाब विचारला नाही. पुढच्या भागात त्या सासूच्या हितचिंतक झाल्या.

असं का होतं याचा मी विचार केलाय. आपल्या मालिका चालतात त्या चोरून ऐकण्यावर. खांबाच्या आडून ऐकायचं, दार किलकिलं करून ऐकायचं, फोनचा स्पीकर चालू राहिला म्हणून ऐकायचं. एकानं दुसऱ्याला काही सांगितलं की ते तिसऱ्यानं ऐकायलाच पाहिजे, त्याशिवाय उद्याचा भाग होत नाही. अशा घरात समुपदेशकाची खोली म्हणजे अडचण. तिथं सांगितलेलं बाहेर येत नसेल तर लेखकाला त्याचा उपयोग काय? म्हणून तो त्या खोलीचं दारच काढून टाकतो. लेखकाची अडचण मला कळते. रोज एक भाग लिहायचा म्हणजे सोपं नाही. पण त्या वाड्यात, त्या गावात, त्या सगळ्या गोष्टीत एकच खोली अशी आहे जिथं कुणी कान लावून बसलेलं नसतं, आणि नेमकी तीच खोली खोटी दाखवली जाते याचं मला फार वाईट वाटतं.

मनोरंजन आहे, एवढं कशाला मनावर घ्यायचं, असं लोक म्हणतील. मालिकेत नायिकेनं नवं मंगळसूत्र घातलं की महिन्याभरात ती डिझाइन इथल्या सराफांच्या गुजरीत मिळायला लागते. आपल्याच जिल्ह्यात एका मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं तेव्हा लोक गाड्या करून तो वाडा बघायला जायचे. लोक मालिका खरी मानतात, निदान अर्धी तरी मानतात. ज्यांनी खरा समुपदेशक कधी बघितला नाही, त्यांना दुसरीकडं कुठं तो दिसणार? दातांचा डॉक्टर मालिकेत चुकीचा दाखवला तर बिघडत नाही, कारण दातांच्या डॉक्टरकडं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी जाऊन आलेलं असतं. आमच्याकडं जाऊन आलेलं माणूस घरात सांगतच नाही. मग मालिकेनं सांगितलं तेच खरं होऊन बसतं.

बाकीच्या खोट्या गोष्टींत शॉकचं लवकर आटपते. शॉक देणं म्हणजे बायकोला गप्प करायचं हत्यार असं दाखवतात; जागेपणी, हातपाय बांधून. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला २०१७च्या कायद्याच्या ९५व्या कलमानं बंदी आहे. तीव्र नैराश्यात, जेव्हा माणूस खाणंपिणं सोडतो किंवा सारखे जीव देण्याचे विचार येतात, तेव्हा डॉक्टर तो सुचवतात, आणि पेशंट त्या वेळी झोपलेला असतो. संमोहन करून मागच्या जन्मातलं काढतात, त्याबद्दल मी काय लिहू? "मॅडम झोपवून विचारणार का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. नाही विचारत. समोरासमोर बसून जागेपणीच बोलतात.

पण सर्टिफिकेटची गोष्ट मला जरा थांबून सांगायची आहे, कारण तिचा गुपिताशी संबंध आहे. पैसे खाऊन डॉक्टर सुनेला वेडी असल्याचं सर्टिफिकेट देतो, मग तिची सही चालत नाही, जमीन दिराच्या नावावर, मूल सासूच्या ताब्यात आणि ती इस्पितळात. हे कथानक मी किती मालिकांमध्ये बघितलंय याला गणती नाही. आणि आमच्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या बायकांच्या मनात हेच असतं. "माझ्या नावाचा कागद होतोय काय? उद्या कोर्टात माझ्यावरच काढतील." एक बाई केसपेपरवर सही करायला तयार नव्हत्या. सोडचिठ्ठीचं चालू होतं. झोप नाही, जेवण नाही, हाताला कंप, आणि मदत मागायला आल्यावर भीती कशाची, तर मदत मागितली हेच आपल्याविरुद्ध जाईल याची.

त्या बाईंना मॅडमनी कायदा काढून दाखवला होता. कलम ३ सांगतं की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो भ्रमिष्ट ठरत नाही. ते ठरवायचा अधिकार सक्षम कोर्टाला आहे. एका डॉक्टरच्या चिठ्ठीवर कुणाची सही बाद होत नाही. आणि मनाविरुद्ध दाखल करायचं झालं तर दोघांनी, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासून तसं म्हणावं लागतं. मुदत पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि पेशंट स्त्री असेल तर तीन दिवसांच्या आत. बाईसाठी मुद्दाम कमी मुदत ठेवली आहे. कायदा करणाऱ्यांना घरातल्या सासू-दिरांची कल्पना होती म्हणायची. हे एखाद्या मालिकेतल्या सुनेनं खलनायकाच्या तोंडावर म्हणून दाखवलं तर? टाळ्या पडतील. लेखकाला नाट्यही मिळेल आणि बघणाऱ्या हजारो बायकांना एक माहिती मिळेल जी त्यांना कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

आतमध्ये खरोखर काय चालतं तेही कधी धडपणे दाखवत नाहीत. मालिकेत समुपदेशक एक वाक्य बोलतो, पेशंटला सगळं आठवतं, ती किंचाळते, रडते आणि बरी होते. मी बाहेर बसते, तरी इतकं सांगू शकते की पहिल्या एकदोन भेटींत बहुतेक माणसं झोप, ॲसिडिटी, छातीतली धडधड यांवरच बोलतात. आमच्याकडं येईपर्यंत त्यांचा ईसीजी झालेला असतो, नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेले असतात, कुणी देवऋष्याकडूनही उतरवून घेतलेलं असतं. खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघते, ती पण भेट संपायला पाच मिनिटं उरली असताना. म्हणजे माणूस आधी तीन वेळा येऊन बघतो की मागच्या वेळी सांगितलेली बारकी गोष्ट बाहेर फुटली का. नाही फुटली तर मोठी सांगतो. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांच्या भेटीतलं सगळ्यात मोठं काम हेच चाललेलं असतं, असं मला वाटतं. मॅडम त्याला उपचाराचं पहिलं पाऊल म्हणतात.

मग गृहपाठ. आपल्याला वाटतं भावना थेट प्रसंगातून येतात, पण मधे आपला विचार असतो आणि तो तपासता येतो, या पायावर अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात आणि आरन बेक यांनी १९६०च्या दशकात उपचारपद्धती उभ्या केल्या. त्या आज मराठीत नीट शिकवल्या आणि वापरल्या जातात. ठाण्याच्या आयपीएच या डॉ. आनंद नाडकर्णींच्या संस्थेनं तर त्यासाठी केवढं काम केलंय. आमच्या मॅडम पेशंटना वहीत तीन रकाने आखायला सांगतात: काय झालं, मनात काय आलं, मी काय केलं. एका बाईंना प्रश्न पडला की ही वही घरात ठेवायची कुठं. पर्स नवरा बघतो, कपाट सासू आवरते, गादीखाली पोरं शोधतात. शेवटी त्यांनी दुधाच्या हिशोबाच्या वहीची मागची पानं निवडली. डेअरीला रोज त्याच दूध घालायला जायच्या, त्या वहीला घरातलं दुसरं कुणी हात लावत नव्हतं. पुढून फॅट आणि लिटर, मागून मनातलं. पान संपलं की फाडून मॅडमना आणून द्यायच्या आणि मॅडम ते फाईलला लावायच्या. वही बघितली तेव्हा मला वाटलं, मालिकेच्या लेखकानं हे का लिहू नये? एका बाईनं आपल्या मनासाठी घरात दोन कोरी पानं मिळवली, एवढ्या गोष्टीवर पंधरा भाग होतील.

आणि हे पडद्यावर करता येत नाही असं कुणी म्हणू नये. इस्राएलमध्ये २००५ मध्ये 'बेटिपुल' नावाची मालिका आली. तिच्यावरून अमेरिकेत एचबीओनं २००८ मध्ये 'इन ट्रीटमेंट' केली. माझ्या लेकीनं ती मला दाखवली. एक भाग म्हणजे एक भेट. खोली एक, माणसं दोन, जास्तीत जास्त तीन, आणि नुसतं बोलणं. सोमवारचा पेशंट वेगळा, मंगळवारचा वेगळा, आणि शुक्रवारी तो समुपदेशक स्वतःच आपल्या जुन्या गुरूकडं जाऊन बसतो, कारण लोकांचं इतकं ऐकून घेतल्यावर त्यालाही कुठंतरी मोकळं व्हावं लागतं आणि आपलं चुकतंय का ते विचारावं लागतं. तोही पेशंटच्या प्रेमात पडतो, हो. पण मालिका त्याला त्याबद्दल सुखानं बसू देत नाही. आपल्याकडं समुपदेशक नायिकेच्या प्रेमात पडला की पावसाचं गाणं लागतं.

'द सोप्रानोज' (१९९९ ते २००७) या मालिकेत एक गुंडांचा म्होरक्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडं जात असतो. शेवटी शेवटी एका जेवणाच्या टेबलावर त्यांचाच एक सहकारी डॉक्टर सगळ्यांसमोर बोलून जातो की यांचा पेशंट कोण आहे. म्हणजे तिथंही गुपित फुटतं. पण त्या वेळी त्या बाईंचा चेहरा बघा. केवढा विश्वासघात झाला हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला एवढंच हवंय. गुपित फोडायचंच असेल तर फोडा, पण फोडणारा चुकला हे कळू द्या.

मराठी लोकांना असलं बघायला आवडत नाही, हेही मला पटत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये 'देवराई'मध्ये स्किझोफ्रेनिया झालेला माणूस आणि त्याला सांभाळणारी बहीण दाखवली, आणि त्यांच्याच नैराश्यावरच्या 'कासव'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. केशवराव भोसले नाट्यगृहात मी दोनच पात्रांची नाटकं बघितली आहेत. दोन अंक दोन माणसं बोलत असतात आणि शेवटच्या रांगेतसुद्धा कुणी उठत नाही. बाबूराव पेंटर आणि भालजींच्या या गावातल्या लोकांना बोलण्यातलं नाट्य कळतं. आणि निर्मात्यांना खर्चाची काळजी असेल तर दोन खुर्च्या आणि एक बंद दार यापेक्षा स्वस्त सेट कुठं मिळणार? दाराबाहेर कॅमेरा ठेवा. सून आत जाते, दार लागतं, बाहेर सासू तगमगत बसते, आत काय झालं तिला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. बाहेर येते तेव्हा तिची चाल बदललेली दिसते. ही उत्कंठा कमी आहे का?

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. वेगवेगळ्या आजारांमध्ये उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. म्हणजे दहांतले सात ते नऊ जण घरातच. त्याला कारणं पुष्कळ आहेत. डॉक्टर कमी, पैसे नाहीत, अंतर लांब. त्यांवर मालिकेचा लेखक काही करू शकत नाही. पण "घरात कळेल" ही भीती मात्र रोज रात्री त्यानंच घातलेली आहे, ती त्याला काढता येईल.

माझ्या मागण्या फार नाहीत. पडद्यावर कुणी सिगारेट ओढली की खाली इशारा येतो. २०१२ पासून तसा नियम आहे. मानसोपचाराचा प्रसंग असेल तेव्हा खाली एक ओळ द्या: टेली-मानस, १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि आमच्याकडं येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांच्यासाठी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, हेही पुष्कळांना माहीत नाही. दुसरं, अशा प्रसंगाचं लेखन एखाद्या काम करणाऱ्या समुपदेशकाला दाखवून घ्या. कोर्टाचा प्रसंग वकिलाला दाखवता, तसं. तिसरं वाचकांना सांगते: मनोरंजन वाहिन्यांबद्दलच्या तक्रारींसाठी २०११ पासून ब्रॉडकास्टिंग कंटेन्ट कम्प्लेन्ट्स कौन्सिल आहे. तिची पट्टी मालिका चालू असताना खालून सरकत जाते, ती वाचा आणि लिहा. त्या मालिकेबद्दल मी लिहिलंय.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही, रागावू नये. आत्महत्येच्या बातमीत गावाचं नाव, घरातल्यांची नावं आणि शेवटी "त्यांच्यावर मानसोपचार सुरू होते" अशी ओळ वर्तमानपत्रांत अजून येते. अशी बातमी आली की त्या दिवशी आमच्याकडं हमखास एकदोन वेळा रद्द होतात. लोक कारण सांगत नाहीत, पण मला कळतं. कायद्याच्या २४व्या कलमानं उपचार घेणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई आहे आणि प्रेस कौन्सिल ऑफ इंडियानंही २०१९ मध्ये आत्महत्या आणि मानसिक आजारांच्या बातम्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. आपल्या जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहरांपर्यंत ती पोचवावीत.

माझं नाव आणि पत्ता आपल्याकडं दिला आहे, पण छापू नये. माझं नाव वाचून ओळखीच्यांना क्लिनिक कुठलं ते कळेल आणि तिथं जिना चढताना दिसणाऱ्यांची पंचाईत होईल.

आपली नम्र,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर